नांदेड–लातूर–नांदेड, एका ‘हाव’पायी

भाची सारिकाची वैमानिकांसाठीची इंग्रजी संभाषण परीक्षा सोमवारी हैदराबादला होणार, हे तिच्या उड्डाण-शिक्षकांनी गुरुवारी फोनवर पक्कं केलं. चौथी पातळी मिळाली तर परवान्याचं काम पुढं सरकेल, नाहीतर अडेल. सारिकाचं व्याकरण चोख आहे. पण समोर माणूस दिसला नाही की ती गडबडते. म्हणून शनिवारी आम्ही मामा-भाची लातूरला निघालो. विमानतळाच्या नियंत्रण कक्षातून निवृत्त झालेल्या बिरादार मॅडम तिथं राहतात. माझी जुनी ओळख.

लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. एसटीला तीन-साडेतीन तास धरा. बायकांना अर्धं तिकीट. सकाळी उजवीकडची खिडकी घ्या, डावीकडं ऊन येतं. लातूरला उतरलात की आधी निलंगा राईस खा: पिवळा, झणझणीत, पोटाला आधार देणारा.

मॅडमनी सारिकाला बैठकीत बसवलं, स्वतः आतल्या खोलीत गेल्या आणि फोन लावला. फोन हाच रेडिओ. धावपट्टीवर कुत्रं, विमानात आजारी प्रवासी, बिघडलेलं इंजिन. सारिका इंग्रजीत सगळं नीट सांगत गेली. मग मॅडमनी विचारलं, नांदेडला परत वळायला इंधन पुरेल का?

“हाव,” सारिका म्हणाली.

मॅडमनी प्रश्न सोपा करून विचारला. पुन्हा “हाव.” तेव्हा मॅडम विमान कसं वळवायचं तेच समजावू लागल्या. सारिका रडकुंडीला आली, तशा त्या बाहेर आल्या.

“मी उदगीरची, मला हाव म्हणजे हो, हे कळतं. परीक्षक केरळचा निघाला तर? त्याला ऐकू येणार इंग्रजीतलं ‘हाऊ’, म्हणजे कसं. तू हो म्हणून राहिलीस अन् तो तुला रस्ता शिकवून राहिला.”

मला हसू आवरेना. सारिका म्हणाली, “मामा, तुम्ही तर दोनदा म्हणता. हाव हाव.”

रेडिओवर होकाराला ‘अफर्म’ म्हणतात. ते तिला माहीत होतं. तोंडात बसलं नव्हतं. दुपारभर मॅडमनी तेच घोटून घेतलं. परतीच्या गाडीत मी काहीबाही विचारत होतो, ती अफर्म म्हणत होती. तेवढ्यात कंडक्टर आला. नांदेडच ना, त्यानं विचारलं.

“अफर्म.”

मशीनवरचं बोट थांबवून तो म्हणाला, “असा थांबा न्हाई या रूटवर, ताई.”

सारी गाडी हसली. सारिकाही हसली, पण शब्द मागं घेतला नाही. नांदेड म्हणाली आणि पुन्हा ठासून, अफर्म.

घरी आल्यावर माझ्या बहिणीनं विचारलं, जमंल का गं? सारिकानं आईला “हाव” म्हटलं आणि मोबाइल घेऊन गच्चीवर गेली. तिथून मॅडमचा फोन लागल्याचं ऐकू आलं. प्रश्न ऐकू येत नव्हते, तिची उत्तरं येत होती. एकही अडखळत नव्हतं. सोमवारी चौथी पातळी मिळेल, असा मॅडमचा अंदाज आहे. माझाही.