सावली काढ

नात मोबाईलवर वाचत होती, "आजोबा, सावलीच्या भीतीला सायोफोबिया म्हणतात."

"आमच्या गावात विटाळ म्हणायचे गं. सावली आमची, भीती त्यांची."

बोललो आणि ती सकाळ डोळ्यांपुढं आली. पाटलाच्या अंगणात तांदळाचे पापड वाळत होते. तिथं आला की माझा बाप रस्ता सोडून काट्यांतून चालायचा. त्या दिवशी मी रस्ता सोडला नाय. कोवळ्या उन्हात माझी लांब सावली थेट पापडांवर पडली.

पाटील धावला. "ए, सावली काढ रं!"

मी उभाच राहिलो. "माझ्यानं निघत नाय. तुमीच काढा."

तो सावलीच्या कडेपर्यंत आला, थांबला आणि मागं सरला.

तेव्हापासून मी रस्त्याच्या मधनंच चालतो.