ओलं पोतं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साठतात. आमची टॉकीज मुळात कापसाचं जिनिंग होती. मालकानं यंत्रं विकली, पडदा लावला, बाकं टाकली, पण तुळयांवर बसलेली रुई काही निघाली नाही. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या की वरून भुरभुर पडायची आणि लोकांच्या टोप्या पांढऱ्या व्हायच्या. माझंही तसंच आहे. कुणी नुसतं "काय पेंटर, बरं हाय का?" म्हणालं, की एखादा किस्सा खाली पडतोच.

पेंटर म्हणजे मी. निजामाच्या राज्यातली गोष्ट. जालन्यात बोलपट नवा नवा होता, आणि नव्या पिक्चरचं नाव बोर्डावर काढायचं काम माझ्याकडे होतं. बोर्ड होता केबिनच्या जिन्याला लागून, बाहेरच्या भिंतीवर. वरच्या पायरीवर उभं राहायचं, जुन्या नावावर सफेदा मारायचा, वाळला की नवं नाव लिहायचं. मालक म्हणायचे, पेंटरची जीभ ब्रशापेक्षा जास्त चालते. ते खोटं नव्हतं.

*

केबिनचे राजे उस्मानभाई. मशीन तेच चालवायचे. डोळे मिटून नुसत्या आवाजावर सांगायचे की आता जोड येणार, आता फिल्म अडखळणार.

त्यांचा एकच कायदा होता. केबिनच्या दारात ओलं पोतं टांगलेलं पाहिजे, आणि पोत्याखाली, जिन्याच्या वरच्या पायरीवर, पाण्याची भरलेली बादली. तेव्हाची फिल्म म्हणजे निव्वळ जळण. वर पत्रा, तुळयांवर रुई. उन्हाळ्यात दोन रिळांत पोतं वाळायचं, की बादलीत बुडवून पुन्हा टांगायचं. आग लागलीच तर ते पोतं मशीनवर टाकायचं, एवढाच सगळा बंदोबस्त.

एकदा एक बडे अंमलदार सिगरेट ओढत मशीन बघायला वर आले. उस्मानभाईंनी पोतं बाजूला केलं नाही. आतूनच अदबीनं म्हणाले, "साब, सिगरेट अंदर आई तो आप बाहर नहीं आएंगे."

अंमलदारानं सिगरेट बादलीत टाकली. उस्मानभाईंनी ती बादली ओतून पुन्हा भरायला लावली. पाण्यात राखसुद्धा चालायची नाही त्यांना. रंगाच्या हातांचा मी, मला तर केबिनमध्ये पाय ठेवायची मनाई होती. सहा वर्षं मी त्या दारापर्यंत चढलो आणि दारातून उतरलो. याचं मला काही वाटायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

*

पोतं भिजवायचं काम दत्तूचं. दत्तू म्हणजे त्यांचा असिस्टंट, तिशीतला माणूस, घरी फक्त आई. हा गडी उस्मानभाईंवर इतका जळायचा की बघणाऱ्याला मजा वाटावी.

उस्मानभाईंनी काळं जाकीट शिवलं. आठव्या दिवशी दत्तूच्या अंगात तसंच जाकीट, तेच कापड, तोच शिंपी. उस्मानभाई मशीन सुरू करण्याआधी दोनदा खाकरायचे. दत्तूही खाकरायला लागला. त्यांनी मिशी कातरली की याचीही कातरलेली.

मी हॉटेलात म्हणायचो, "उस्मानभाई जिन्यावरून पडू द्या, खरचटंल दत्तूला."

लोक पोट धरून हसायचे. दत्तू चहा तसाच ठेवून निघून जायचा.

*

पण त्याच्या जागी असतो तर मीही जळलो असतो.

एकदा उस्मानभाई तापानं पडले. चार दिवस दत्तूनं एकट्यानं मशीन चालवलं. चित्र असं लख्ख, की नटीच्या नाकातल्या चमकीचा खडा दिसावा. फिल्म एकदाही तुटली नाही. चौथ्या दिवशी बदनापूरहून रेल्वेनं आलेली मंडळी खेळ सुटल्यावर केबिनकडे बघून ओरडली, "वा उस्मानभाई! क्या बात है!"

दत्तू दारात उभा होता. त्यानं हात वर केला, उस्मानभाई करायचे तसाच, आणि सलाम घेतला.

मी खालून पाहत होतो. हा किस्सा मी तेव्हा कुणाला सांगितला नाही. यात हसायला काही नव्हतं.

*

मग तो पिक्चर आला. नाव मीच हातभर अक्षरांत काढलं होतं, तरी आज आठवत नाही, इतका तो टाकाऊ होता. जाहिरातीत म्हटलं होतं की हा बोलपट माणसाच्या काळजाच्या तळाशी जातो. आमची पब्लिक काळजाच्या तळाशी जायला सहकुटुंब आली.

गोष्ट अशी. एक नामी व्हायोलिनवाला, आणि समोरच्या खिडकीत राहणारा दुसरा, ज्याला तितकं चांगलं वाजवता येत नाही. हा दुसरा दिवसभर पहिल्याकडे बघतो, तो काय खातो, किती वाजता झोपतो, सगळं वहीत लिहितो. पडदाभर नुसते त्याचे डोळे. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, कचरा गेलाय त्याच्या डोळ्यात, फुंकर मारा कुणीतरी."

याशिवाय व्हायोलिनवाल्याचा एक दोस्त होता. दर रिळात यायचा, चहा प्यायचा, चार गप्पा मारायचा आणि जायचा. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पाचव्या रिळात व्हायोलिनवाला विषानं मरतो. तोवर अर्धी बाकं रिकामी झालेली. राजूरहून बैलगाडीनं आलेला एक म्हातारा उठताना म्हणाला, "येवढं मनात व्हतं त्याच्या, तं पयल्या घंट्यात सांगायचं. आमची गाडी येळेवर सुटली असती."

*

आदल्या गावच्या लोकांनी शेवटच्या रिळाचा डबा मागेच ठेवला होता, आणि बाकीच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या होत्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिसरं रीळ चौथ्याच्या जागी लागलं. पब्लिकला पत्ता नाही. मालक म्हणाले, "असंच राहू द्या, असा जरा बरा वाटतो."

चूक कळली फक्त दत्तूला. कारण सगळ्या जालन्यात हा पिक्चर आवडलेला माणूस तो एकटाच. रीळ बदलून झालं की केबिनच्या झरोक्याला डोळा लावून उभा राहायचा.

मी जिन्यावरून विचारलं, "काय दत्तोबा, काय सापडलं एवढं?"

तो म्हणाला, "लोक त्याला हासून राह्यले, पेंटर. पन त्यानं अजून काहीच केल्यालं न्हाई. नुसता बघून राह्यला."

"केलं नाही कसं? विष कुणी दिलं मग?"

"ते दाखवलं कुठं? आखरीच्या रिळात दाखवतेन."

हॉटेलात मी ते दत्तूच्या आवाजात करून दाखवलं. लोकांना फार आवडलं.

*

आता आगीचा किस्सा. हा मी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेला आहे.

शुक्रवार, वैशाखातली दुपार. पिक्चरचा शेवटचा खेळ. हॉलमध्ये तीसेक माणसं. दुसऱ्या दिवशी नवा पिक्चर लागायचा होता म्हणून मी त्या नावावर सफेदा मारून मोकळा झालो होतो आणि खाली हॉलच्या दारापाशी सावलीत बिडी ओढत होतो. आदल्या गावी राहिलेलं शेवटचं रीळ त्याच दिवशी पोचलं होतं, ते सुरू झालं. समोरच्या खिडकीतला माणूस पोलिसांपुढे तोंड उघडणार, आता सांगणार, इतक्यात पडद्यावर एक तपकिरी डाग उमटला, पसरला, आणि पडदा पांढरा झाला.

वर केबिनमध्ये फिल्मनं पेट घेतला होता. उस्मानभाईंनी दारातलं पोतं ओढलं. ते पापडासारखं वाळलेलं होतं. मशीनवर टाकलं तर तेच पेटलं. बादलीकडे हात घातला तर बादली जागेवर नाही, दत्तूही नाही. बाकीची रिळं शेजारीच डब्यांत होती. त्यांना आग लागली असती तर पत्र्याखालचं एकही माणूस बाहेर आलं नसतं. उस्मानभाईंनी दोन्ही हातांनी जळती फिल्म मशीनमधून उपसली, फरशीवर टाकली आणि हातांनीच विझवली.

मग ते जिना उतरून आले. हात पुढं धरलेले, जणू काही देतच आहेत. त्या हातांबद्दल मी जास्त बोलत नाही.

त्याच वेळी मागच्या आडाकडून दत्तू धावत आला. हातात भरलेली बादली होती. "म्या भिजवल्तं," तो ओरडत होता. "खेळाआंधी भिजवल्तं. पुन्हा भिजवाया गेलो तं बादली रिकामी! म्हून आडावर गेल्तो."

लोकांनी त्याच्याकडे पाहिलं, बोर्डावर सफेद्याखालून अजून दिसणाऱ्या पिक्चरच्या नावाकडे पाहिलं, आणि हळूहळू सगळ्यांचे चेहरे सारखेच झाले.

*

उस्मानभाईंची बोटं गेली. तळहात वाचले, पण लाकडाच्या फळीसारखे. मालकांनी खाटेपाशी बसून विचारलं, "पोत्याचं काम कुणाचं होतं?"

"मेरे केबिन का पोता था," ते म्हणाले. "मेराच काम."

यावर कुणी विश्वास ठेवला नाही. गावाला दत्तू हवा होता. जळणारा माणूस, समोरची खिडकी, पिक्चरचा शेवटचा खेळ, सगळं जुळत होतं. हॉटेलात एकानं म्हटलं, "पिक्चर बघून शिकला." ते एक वाक्य जाफराबादपर्यंत गेलं. तिथं दत्तूचं लग्न ठरत होतं, ते मोडलं.

ते वाक्य कुणाचं, असं विचाराल तर माझं.

*

मशीन आलं दत्तूकडे. दुसरा होता कोण? जी खुर्ची त्याला हवी होती ती मिळाली आणि तिच्यात तो बसू शकेना. दर रीळ लावलं की बाहेर यायचा, पोतं पिळून बघायचा, पुन्हा बुडवायचा. जिना कायम ओला. काळं जाकीट त्यानं घालायचं सोडलं. फिल्म तुटली की पब्लिक ओरडायची, "अबे, आज कुणाचे हात जाळतो?" आणि न तुटता खेळ झाला तर कुणी काहीच म्हणायचं नाही.

दीड वर्षानं एक दिवस तो पत्र्याची पेटी घेऊन स्टेशनवर गेला आणि गाडीत बसला. कुठली गाडी ते कुणी पाहिलं नाही. पुढं त्याचा पत्ता लागला नाही.

त्याची आई चतुर्थीला राजूरच्या गणपतीला चालत जायची. वाटेत भेटेल त्याला, ओळखीचा असो नसो, थांबवून सांगायची, "माझ्या दत्तूनं भिजवल्तं वं, बाप्पा." मलाही दोनदा सांगितलं. मी मान हलवली. रडू आलं होतं, पण मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही.

*

आणि हा शेवटचा.

शेवटचं रीळ आमच्याकडे जळालं, त्यामुळे त्या भिकार पिक्चरचा शेवट जालन्यात कुणालाच माहीत नव्हता. निम्म्या पब्लिकनं अर्ध्यात सोडलेला पिक्चर, पण शेवट काय असेल यावर मोंढ्याच्या बाजारात सगळे बोलायचे. निजामाचं राज्य जायच्या आदल्या हिवाळ्यात मालकांनी तो मुद्दाम परत मागवला. दुपारच्या खेळाला पाय ठेवायला जागा नव्हती.

मी उस्मानभाईंना घेऊन गेलो. मशीन सुटल्यापासून त्यांचं येणं-जाणं, चहापाणी माझ्याकडेच होतं. कप त्यांना धरता येत नसे. रोज संध्याकाळी हॉटेलात बशी मी त्यांच्या तोंडाला लावायचो. गाव म्हणायचं, पेंटर तोंडाचा फटकळ, पण मनाचा मोठा.

शेवटचं रीळ लागलं. समोरच्या खिडकीतला माणूस पोलिसांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मी फक्त बघत होतो." त्यानं वही पुढं केली. वहीत सगळं लिहिलेलं होतं, कोण आलं, कोण गेलं. विष घातलं होतं त्या चहा पिणाऱ्या दोस्तानं.

पब्लिक खवळली. "ह्यो कोन मधीच? ह्याला तं काही कारनच न्हाई!" बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या, वरून रुई भुरभुरली. लोक शिव्या देत बाहेर पडले. इतकी वर्षं वाट पाहून हा असला शेवट.

आम्ही दोघं बसून राहिलो. हॉल रिकामा झाल्यावर उस्मानभाई पडद्याकडेच बघत म्हणाले, "उस दिन सीढियां पो सफेदा गिरा था, पेंटर. ऊपर से नीचे तक. गीला था. मैं उसी पो से उतरा."

सफेद्याला पाणी लागतं. बोर्ड मोठा होता, आड लांब होता, आणि बादली हाताशी होती.

उस्मानभाई उठले, आणि रोजच्यासारखे माझ्या खांद्याला मनगट टेकवून हॉटेलपर्यंत चालत आले. चहा आला. मी बशीत ओतला, फुंकर मारली, त्यांच्या तोंडाशी नेला. बशीतला चहा काठावरून सांडायला लागला.

"हात नक्को हिलाओ, पेंटर," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड पुढं केलं.