सुतळीच्या मापाची सायकल

समोर दिसणारी वस्तू नाना कधी विकत घेत नसत. निदान सायकलची तरी नाहीच. आटपाडीच्या बाजारपेठेत सायकलचं दुकान होतं, दुकानाच्या दारात चेनी टांगलेल्या होत्या, आणि नाना त्याच दारावरून लंगडत माझ्या पोस्टात यायचे, लुधियान्याहून तसलीच चेन मागवायला. दुकानदार शामराव हाक मारायचा, "नाना, हीच चेन हाय की हितं. आज घिऊन जावा." नाना न थांबता म्हणायचे, "आज मिळतीया म्हणूनच नगं."

मी तेव्हा आटपाडीला सबपोस्टमास्तर होतो. माणूस वाईचा, कृष्णेच्या पाण्यावर वाढलेला. दुष्काळी आटपाडीला बदली झाली म्हटल्यावर घरच्यांनी सामानात दोन माठ जास्तीचे दिले होते. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. आज पोरं फोनवर बोट आपटून जे करतात, ते नाना तेव्हा पोस्टकार्डावर करत. मासिकांच्या शेवटच्या पानांवरच्या जाहिराती कापून ठेवायच्या, दुकानाला कार्ड टाकून मालाची यादी मागवायची, यादीतल्या चित्रावर खूण करून ऑर्डर धाडायची आणि महिना-दीड महिना आकाशाकडे बघत बसायचं. माल व्हीपीनं यायचा, म्हणजे पोस्टात पैसे भरून सोडवून न्यायचा. गावानं त्यांना व्हीपी नाना करून टाकलं होतं. खरं नाव मला आणि पेन्शनच्या कागदाला तेवढं माहीत होतं.

"न बघता माल घेता, भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, दुकानात गेलं की दुकानदाराला माजं त्वांड दिसतं," नाना म्हणाले. "त्वांड बघून त्यो वळखतो, गिऱ्हाइक येडं हाय. लुधियानेवाल्याला काय दिसतंय? निस्तं अक्षर. आन अक्षर मी झकास काडतो."

अक्षर खरंच झकास होतं. नाना फौजेत हवालदार होते, गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपात. हिंदी तिथलीच. "श्रीमान, आपका चेन मिला. चेन की तबियत अच्छी है. आपके घर में सब कैसे हैं?" अशी पत्रं ते मला वाचून दाखवत. लुधियान्याच्या त्या दुकानातला कारकूनही मोकळा माणूस असावा. किमतींच्या यादीखाली तो मुलीला दात आल्याचं कळवायचा. त्या दातावर खूश होऊन नानांनी त्याला गुळाची अख्खी ढेप पार्सल केली. टपालाची गाडी यायच्या आत मुंग्यांनी पोस्ट ताब्यात घेतलं, आणि पुढचे दोन दिवस मी खुर्चीवर मांडी घालून सरकारचं काम केलं.

पार्सल आलं की नाना धुतलेला सदरा घालून यायचे. फोडायचं ते माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर. मी साक्षीदार. कापडात शिवलेलं पार्सल ते कधी कापत नसत. सुईच्या टोकानं एकेक टाका उसवत, दोरा बोटाला गुंडाळत, लाखेचे तुकडे कागदात बांधत. मग नाक आत घालून ग्रीसचा वास घ्यायचा आणि डोळे मिटायचे. एवढ्या वेळात माझ्या खिडकीसमोर मनिऑर्डरवाल्यांची रांग लागलेली असे. कापड वाया जात नसे. नानांच्या घरच्या पिशव्या, उशा, आणि एका धुणं वाळत घातलेल्या सकाळी मी पाहिलं त्याप्रमाणे नानांच्या आतल्या चड्ड्यासुद्धा त्याच कापडाच्या होत्या, पत्त्यासकट. त्यांची बायको मला म्हणाली होती, "ह्या उशीवर डोस्कं ठेवलं की वाटतंय, मलाबी कुटं धाडत्यात का काय!"

माप धाडायची त्यांची पद्धत त्यांचीच. इंचावर त्यांचा विश्वास नव्हता. "इंच फौजेत येगळा, आटपाडीत येगळा. सुतळी समद्यांची सारखी." पाहिजे त्या पार्टाच्या लांबीची सुतळी कापून ते पाकिटात घालत, दोन्ही टोकांना गाठ मारून. एकदा मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलचं माप असंच गेलं, वाटेत कुठेतरी टपालाची थैली पावसात भिजली, सुतळी आखडली, आणि आला तो अ‍ॅक्सल अर्ध्या बोटानं आखूड. दीड महिना वाट पाहून हे फळ. मला वाटलं आता म्हातारा भडकणार. नानांनी अ‍ॅक्सल उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्यात लुधियान्याची चूक न्हाई, सुतळीची बी न्हाई. पावसाची हाय. आन पावसाला आटपाडीत कोन नावं ठेवनार?" आणि नवी सुतळी कापायला घेतली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला दोन वर्षांनी कळलं. नानांचा डावा गुडघा नीट वाकत नसे. बाहेरगावच्या माणसाला ते गुडघ्याची गोष्ट माणूस बघून सांगत. काहींना सरहद्द, काहींना बर्फ. मी सरकारी माणूस म्हणून मला खरं सांगितलं. वर्कशॉपात जॅकवरून ट्रकचा गिअरबॉक्स घसरला, तो गुडघ्यावर. फौजेनं घरी पाठवलं. घरी म्हणजे आधी शिराळ्याला, आक्काकडे. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. नागपंचमी तोंडावर होती. शिराळ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं नानांना पाठुंगळी घेऊन खाली उतरवलं. आक्का न्यायला आली होती. तिनं ते बघितलं आणि तिथंच मातीत बसून रडली.

"मी म्हनलं, आक्के, आता यीन त्ये माज्या सायकलीवर यीन. तवर तुला त्वांड दावनार न्हाई."

"आणि?"

"आन काय? सा वर्सं झाली."

मी कपाळाला हात लावला. आटपाडीहून शिराळा शंभर किलोमीटरच्या वर, मध्ये घाट, आणि हा माणूस एका पायाचा. पण नानांनी सगळं योजून ठेवलेलं होतं. चढासाठी गिअर. आणि डाव्या बाजूचा पेडलचा दांडा आखूड, म्हणजे पेडल लहान गोलात फिरेल आणि गुडघ्याला फारसं वाकायची गरज पडणार नाही. "गिअरनं मोडलं, आता गिअरच चडवील," असं ते म्हणत. गिअर आले होते. आखूड दांडा मात्र कुठल्याच यादीत नव्हता. त्यासाठी कार्डांवर कार्डं जात होती, आणि सुतळ्या.

इकडून कार्डं जात तशी शिराळ्याहूनही एक येई, दर श्रावणात. लोकांची कार्डं वाचू नयेत असा नियम आहे, आणि तो पाळणारा पोस्टमास्तर मला अजून भेटायचा आहे. आक्काला लिहिता येत नसे, शेजारचं कुणीतरी लिहून द्यायचं. मजकूर दर वर्षी तोच. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास धरला आहे, तू कधी येतोस. नाना कार्ड खिशात ठेवत आणि मला विचारत, "लुधियान्याचं काय?"

त्या वर्षी श्रावणात दोन्ही एकाच थैलीतून आलं. कारकुनानं मालकाला न विचारता लेथवाल्याकडून दांडा करून घेतला होता. पार्सल हातात घेतल्यावर वजनावरूनच कळलं, दांडा आला. आणि त्याखाली शिराळ्याचं कार्ड. या खेपेला मजकूर वेगळा होता. आक्कानं अंथरूण धरलंय, डोळ्यांनी दिसत नाही, तुमचं नाव घेते. मी नानांना बोलावणं धाडलं आणि आधी पार्सल दिलं. खरं तेच सांगतो, मला तो दांडा बघायचा होता. टाके उसवणं, दोरा गुंडाळणं, वास घेणं, सगळं यथासांग होऊ दिलं. नानांनी दांडा कपाळाला लावला. मग मी कार्ड पुढे केलं. आधी कार्ड द्यायला हवं होतं, हे मला त्यांचा चेहरा बघितल्यावर समजलं.

"नाना, दुपारची गाडी आहे. बसा आणि जा."

"आज फिट करतो. उद्या सकाळच्याला निगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पेठ बघायला लोटली. शामरावानं दुकानासमोर पाणी मारून ठेवलं होतं. नाना फौजेची जुनी टोपी घालून निघाले. सायकल अशी गेली की शामरावच्या तोंडून "च्यायला!" निघालं, आणि सायकलवाल्याच्या तोंडची याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. मला मात्र राहवेना. मी रजेचा अर्ज टाकला आणि मागाहून सुटणाऱ्या विट्याच्या गाडीत जाऊन खिडकीपाशी बसलो.

भिवघाटाच्या अलीकडे नाना दिसले. रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेले, सायकल बाभळीला टेकवलेली. मी गाडी थांबवायला लावून खाली उतरलो. मला वाटलं दांडा मोडला. दांडा ठणठणीत होता, गिअर लोण्यासारखे पडत होते. सहा वर्षांत नाना घरापासून पोस्टापलीकडे कधी गेले नव्हते, एवढीच अडचण होती.

"मास्तर," धाप लागलेले नाना म्हणाले, "पार्ट समदं नवं हायत. वर बसलेला तेवडा जुना निगाला."

ते हसले नाहीत. मीही नाही. कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरून दोनदा विचारलं, काय करताय. नाना उठले आणि सायकल त्याच्या ताब्यात दिली. मी त्यांचंही तिकीट काढलं. विट्याला आणि इस्लामपूरला गाडी बदलली. लुधियान्याच्या त्या सायकलनं तीन एसट्यांच्या टपावरून जिल्हा पाहिला. शिराळा जवळ आलं तसे नाना पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानाशी लागले. गावाबाहेरच्या पुलाशी गाडी उभी राहिली, सायकल खाली आली, आणि नाना टोपी नीट करून तिच्यावर बसले.

"मास्तर, तुमाला आक्केनं इचारलं तर?"

"मी सरकारी माणूस. मी काही पाहिलेलं नाही."

घंटी वाजवत ते गल्लीत शिरले आणि मी मागून धावत. आक्का सोप्यात खाटेवर होती. घंटी ऐकून ती उठून बसली. नाना सायकल थेट सोप्यात घेऊन गेले आणि तिचा हात धरून हँडलवर ठेवला. ती चाचपत राहिली. घंटी, सीट, चाक. मग तो हात सायकलवरून नानांवर आला. गाल, खांदा, दंड.

"सायकलीवर आलास?"

"व्हय की."

हात मनगटापर्यंत आला आणि थांबला. एसटीचं तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचायची आपल्याकडे सगळ्यांचीच सवय. तिनं ती कागदाची घडी दोन बोटांनी ओढून काढली, चुरगाळून बघितली. नाना माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"आरं येड्या," आक्का म्हणाली, "ह्ये तिकीट सा वर्सं आदी काडायचं व्हतंस की रं."

आणि तिनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं. पन्नाशी उलटलेला हवालदार पोरासारखा हुंदके देत होता. मलाही तिथं थांबवेना, मी सायकल बाहेर नेऊन सायकलवाल्यांसारखी उगाच हवा तपासत बसलो.

आक्का त्यानंतर दिवाळीपर्यंत होती. नाना दर आठवड्याला गेले, एसटीनं. सायकल त्यांनी शिराळ्यालाच ठेवली, तिला खाटेवरून हात लागेल अशी. ती गेल्यावर लुधियान्याला एक शेवटचं कार्ड गेलं. कारकुनाच्या मुलीला आशीर्वाद होते, ऑर्डर नव्हती.

पुढच्या वर्षी माझी साताऱ्याला बदली झाली. नाना स्टँडवर आले होते, पार्सलच्या कापडाची पिशवी घेऊन; आत बायकोनं दिलेली डाळिंबं, बाहेर लुधियान्याचा पत्ता. गाडी हलली तशी खिडकीचे गज धरून ते दोन पावलं लंगडत चालले. "मास्तर, कारड नगा धाडू. या."

मी कार्डंच धाडली. दर श्रावणात एक, चांगलं भरगच्च लिहिलेलं. पाचव्या वर्षाचं परत आलं. वर पोस्टमनचा शेरा होता, घेणारा मयत. असे शेरे मी नोकरीत शेकड्यानं पाहिले होते आणि त्यावर शिक्का मारून पुढच्या कागदाला हात घातला होता. ते कार्ड मात्र तसंच हातात राहिलं. साताऱ्याहून आटपाडीला गाडी रोज सुटत होती.