कूलरचं तोंड

माझ्या एमईच्या प्रबंधाचा विषय ऐकून आई म्हणाली होती, "प्लास्टिकले सुई टोचाले दोन वर्सं?" तिचं अगदीच चूक नव्हतं. फवारणी पंपाची टाकी ज्या प्लास्टिकची असते, त्याच्या तुकड्यात हिऱ्याचं टोक दाबायचं आणि ते किती रुततं ते मोजायचं. मग तेच दाबणं संगणकात करून दाखवायचं. दोन्ही आलेख जुळले की पदवी.

ते जुळत नव्हते. दाबून पाहायचं मशीन अकोल्याला होतं, संगणक अमरावतीला माझ्या टेबलावर. अकोल्यात टोक खोल रुतलं होतं, माझ्या संगणकात जेमतेम. मी गणिताची जाळी बारीक केली, घर्षण बदललं, संगणकाला शिव्या घातल्या. मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "या महिन्यात जुळलं नाही, तर पुढच्या सत्रात बघू." माझं डोकं फिरलं. दोष मशीनचाच, असं ठरवून मी ऐन मे महिन्यात अकोल्याची बस पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत भांडण तोंडपाठ झालं होतं.

प्रयोगशाळेतले भाऊ मशीनपाशीच होते. मे लागता लागता मी आले होते, तेव्हाची चाचणीही त्यांनीच करून दिली होती. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "या वो मॅडम, उन्हातानाच्या आल्या. पयले बसा." मशीनकडे तोंड करून असलेला कूलर त्यांनी घरघर ओढत माझ्याकडे वळवला. माझ्या हातात ताकाचा पेला दिला. ताक पिता पिता भांडणाची सुरुवात कशी करायची, तेच आठवेना.

"कावून वो, काय झालं?"

"भाऊ, तुमचं मशीन चुकीचं मोजून राहिलं," असं म्हणत मी तावातावानं उठले आणि पुराव्यासाठी मशीनवर हात ठेवला. चटका बसला. शेजारच्या खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर येत होतं. नमुना ठेवायच्या जागी थर्मामीटर लावला, तर बेचाळीस. आणि मी संगणकात काय भरलं होतं? पंचवीस. पुस्तकातल्या खोलीत तेवढंच असतं. वऱ्हाडात जन्म काढलेल्या बाईनं मे महिन्यात पंचवीस लिहावं! मला माझीच लाज वाटली.

"भाऊ, त्या दिवशीही कूलर मायाकडेच होता का?"

"मंग? पाहुन्याले घामात बसवू?"

"अन् मशीन?"

"मशीन काय पाहुनी हाये का?"

पाठ केलेलं सगळं भांडण मी ताकाबरोबर गिळलं. परत येऊन त्याच प्लास्टिकच्या तक्त्यातले बेचाळीस अंशांचे आकडे भरले. गरम प्लास्टिक मऊ पडतं, हे आमच्या घरी फवारणी करणाऱ्या गड्यालाही ठाऊक आहे. संगणकातलं टोक मुकाट्यानं रुतलं आणि दोन आलेख एकमेकांवर बसले. मी टेबलावर डोकं ठेवून चक्क रडले.

तोंडी परीक्षेला पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी नेमकं बेचाळीसवर बोट ठेवलं. मशीनवर ऊन येतं आणि खोलीत कूलर एकच, असं मी सांगितलं. "अहो, साधा कूलर होता म्हणता, मग मशीन थंड का नाही ठेवलं?"

सरांनी डोळे मिटून घेतले. पुढचं सत्र मला समोर दिसायला लागलं. पण खोटं काही सुचेना.

"सर," मी म्हणाले, "मशीन घरचं होतं. पाहुणी मी होते."

परीक्षक खो खो हसले, आणि हसता हसताच त्यांनी सही केली.