मार्गळी संपेपर्यंत

खडू अर्धा मोडूनच हातात घ्यायचा. वर्गात शिरताना चपला दाराशी काढायच्या. पाणी पिताना पेला ओठांना लावायचा नाही. मुलं चुकली की टिचकी मारायची ती स्वतःच्या कपाळावर. शिकवायचं इंग्रजीत, रागवायचं तमिळमध्ये, आणि शिक्षकांच्या खोलीत चंद्रिका एकटी असली की तंजावरी मराठीत बोलायचं. एका वाक्यात तिन्ही भाषा आल्या तर आपणच हसायचं.

गोदाक्कांच्या या सवयी चंद्रिकाला आठवड्याभरात पाठ झाल्या. १९६१चा जून होता. चंद्रिका बावीस वर्षांची, नागपूरहून इंग्रजी साहित्यात बी.ए. झालेली. वडिलांची रेल्वेतली बदली मद्रासला झाली, आणि तिला तिथल्या पश्चिम मांबलम भागातल्या एका छोट्या शाळेत गोदाक्कांच्या हाताखाली नोकरी लागली. गोदाक्का तिथे वीस वर्षं पाचवीला इंग्रजी शिकवत होत्या. लहानपणीच विधवा झालेल्या, थोरल्या भावाकडे, व्यासराजांकडे राहायच्या.

पाचवीच्या पुस्तकात बर्फ होता, झडणारी पिवळी पानं होती. मुलांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. चंद्रिकाने बर्फावर आणि पानगळीवर कितीतरी कविता वाचल्या होत्या, पण वर्गात तिला शब्द सुचत नसे. गोदाक्का पुस्तक मिटून ठेवत. ऑक्टोबरात पाऊस लागला की एकेक मूल खिडकीबाहेर हात काढी आणि एक वाक्य बोले. गांधी जयंतीला सगळी मुलं वर्ग झाडत आणि झाडताझाडता काय करतोय ते इंग्रजीत सांगत.

डिसेंबरात त्यांनी बर्फाची लादी आणवली. भुश्यात गुंडाळलेली, गोणपाटातली. तुकडे हातोहात फिरले. "इट इज कोल्ड!" एकेचाळीस मुलं ओरडत होती. शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत नुसतं पाणी उरलं.

"टीचर, विंटर फिनिश्ड!" सुंदर नावाचा मुलगा म्हणाला.

गोदाक्का हसायला गेल्या, पण आवाजच फुटला नाही. मुलांना ती गंमत वाटली.

"अक्का, डॉक्टरांना दाखवलंत?" तास संपल्यावर चंद्रिकाने विचारलं.

"दाखवीन गे. वीस वर्षांचा खडू गळ्यांत बसला असेल. थोडा का झाला?"

चंद्रिकाच त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. घशात गाठ होती. ताबडतोब काढली तर जीव वाचेल, आवाज जाईल, असं सर्जननी इंग्रजीत सांगितलं. गोदाक्कांनी मान हलवली. वाक्य समजलं की मुलं हलवतात तशी.

घरी व्यासराजांनी पंचांग उघडलं. धनुर्मास लागला होता, त्यांच्या भाषेत मार्गळी. या महिन्यात कसलाच आरंभ करायचा नाही.

"अण्णा, डॉक्टर ताबडतोब म्हणाले," चंद्रिका म्हणाली.

"त्यांना काय, बारा महिने सारखेच. मार्गळींत आम्हीं घरांत खुंटी ठोकत नाहीं, आणि बहिणीच्या गळ्याला सुरी लावूं?" त्यांनी पंचांग मिटून कपाळाला लावलं. "पोंगल होऊं दे, मार्गळी संपेल. लगेच नेतों."

"अण्णा म्हणतो तें ठीक," गोदाक्का म्हणाल्या. "पोंगलचा पाठही होऊन जाईल. मग आवाज गेला तर तूं आहेस की. बी.ए.!"

चंद्रिका निघायला उठली. पाचवीच्या वर्गाची तिला भीती वाटत होती. महिनाभर तो आपल्यावर येणार नाही, एवढाच विचार तिच्या मनात आला. घरी परतताना तिला चक्क हलकं वाटत होतं.

पोंगलच्या पाठाला वर्गात ऊस आला. गोदाक्कांचा आवाज तोवर श्वासाएवढा उरला होता. "इट इज स्वीट," त्या कुजबुजल्या. मुलांना वाटलं, हे असंच म्हणायचं असतं. सगळा वर्ग ऊस चोखत कुजबुजला.

पोंगलनंतर तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सर्जननी गळा उघडला, आणि काही न काढता बंद केला. श्वासासाठी नळी बसवली. महिन्यापूर्वी आला असतात तर कदाचित, एवढंच ते बोलले.

गोदाक्कांनी पाटीवर लिहून वही मागितली. सव्वीस जानेवारीला प्रत्येक मुलाने शाळेसमोर एक वाक्य बोलायचं होतं. पाठ केलेलं कुणाचं तरी नाही, ज्याचं त्याचं. कुणाच्या घरी शेळी आहे, कुणाची आई फुलं विकते, त्यांना ठाऊक होतं. उशीला टेकून त्या रोज चार-पाच मुलांची वाक्यं लिहीत. लिहून झालं की हात पोटावर ठेवून पडून राहत. चंद्रिका शेजारी बसून असे. करण्यासारखं काही नव्हतं.

बावीस तारखेला दुपारी त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी व्यासराज शाळेत वही द्यायला आले. दारातच थांबले.

"त्या दिवशीं तूं जोरानें कां नाहीं बोललीस गे? तूं शिकलेली. मी ऐकलंही असतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. चंद्रिकाने हात पुढे करून वही घेतली. व्यासराज निघून गेले.

तिने वही उघडली. डावीकडे नावं, उजवीकडे वाक्यं. तुळसीच्या नावापुढे इंग्रजीत होतं: आमच्या शेळीला एकच शिंग आहे. अशी सव्वीस वाक्यं पूर्ण होती. सत्ताविसावं नाव सुब्बाचं. त्याच्यापुढे 'माय फादर' एवढंच लिहिलेलं. सुब्बाचे वडील काय करतात, चंद्रिकाला माहीत नव्हतं. त्याखाली आणखी चौदा नावं होती. त्यांच्यापुढे काहीच नव्हतं.