आत्याच्या कापडी कळ्या

लिहायला बसणं हे माझ्यासारख्याचं काम नाही, हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. एखादं वाक्य सरळ आलं तरी मला बरं वाटतं. चुकेल तिथे सांभाळून घ्यावं. पण आत्याच्या कापडी गुलाबांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

नाशिकजवळच्या आमच्या मळ्यात वडील गुलाब लावत. नवऱ्याने टाकल्यावर आत्या आमच्याकडेच राहिली. सकाळी ती फुलं तोडायची आणि दुपारी शिंप्याकडच्या चिंध्यांची फुलं शिवायची. मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजने बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन ठरवलं. आत्याने जुन्या चादरीवर गुलाबाचा अख्खा वाफाच शिवला. कापडाच्या कडा आत मुडपून, दोऱ्याने चुणून एकेक फूल टाचलं.

पण सगळ्या कळ्याच.

"आत्या, एक तरी फूल उमललेलं कर ना."

"उमललेला गुलाब मार्केटात कोण घेतं रे? तोडायचा तो मिटलेलाच."

"हे कुठं मार्केटला न्यायचंय?"

"लय शिकला तू! पण कात्री कधी लावायची ते नाय कळत." ती हसली. मग चादरीवरून हात फिरवत म्हणाली, "मळा आधी तुझ्या आज्याचा, आता तुझ्या बापाचा. याला तेवढं माझं नाव लागू दे."

फॉर्म मी भरला, आडनाव न घालता नुसतं आत्याचं नाव लिहून. शेऱ्याच्या जागी मात्र राहवलं नाही. लिहिलं, 'फुले अपूर्ण आहेत, क्षमा असावी.' आणि फॉर्म चादरीबरोबर कॉलेजात देऊन आलो.

निवडीच्या यादीत आत्या नव्हती. प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "अपूर्ण काम कसं घेणार? तूच लिहिलंयस."

घरी येऊन आत्याला खरं ते सांगितलं. ती रागावली नाही. "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग जाऊन."

दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या कळ्यांची जुडी घेऊन गेलो आणि गुलाब कधी तोडतात ते अडखळत सांगितलं. मॅडमनी जुडी चादरीशेजारी धरून बराच वेळ पाहिलं. "बघते," एवढंच म्हणाल्या.

चार दिवस काहीच कळलं नाही. आत्या विचारायची नाही. मी सायकल लावताना नुसतं माझ्या तोंडाकडे बघायची.

पाचव्या दिवशी शिपाईमामांनी वर्गाच्या दारातून मला बाहेर बोलावलं.

"तुझ्या आत्याची चादर लावलीय हॉलमधे, समोरच्या भिंतीला. मॅडम नावाची पट्टी लिहायला बसल्यात. आडनाव सासरचं घालायचं का माहेरचं, ते आत्यालाच विचारून ये म्हणाल्या."