दोन थेंब आम्ल

दिग्रसच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जयामॅडमचा एक हट्ट पोरांच्या चेष्टेचा विषय आहे. डोळ्यांनी पाहिलं नाही ते वहीत लिहायचं नाही. कुणी शेजारच्या वहीतून आकडा उचलला, की मॅडम त्याची वही मिटतात आणि म्हणतात, "पुन्हा कर." पोरं पाठीमागं म्हणतात, "मॅडमले आकड्यायचं भूत लागलं हाय." पोरांना कुठं ठाऊक, की ते अगदी खरं आहे.

सहा वर्षांपूर्वी, लग्नाच्या आधी, जया कोकणात एका खाडीकाठच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डोंगरसिंगाची ही पोर तांड्यातली पहिली बी.एस्सी. अरुणावतीच्या धरणापलीकडं मोठं पाणी तिनं पाहिलेलं नव्हतं, आणि नेमली गेली ती समुद्राचं पाणी मोजायला! वैशाखात एका जहाजातलं तेल सांडून खाडीत शिरलं होतं. तवंग काढला गेला, फोटो छापून आले, साहेबलोक गेले. पण पाण्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक वनस्पती असते. सगळी शिंपली-मासळी तिच्यावर जगते. ती किती उरली, हे तिच्यातल्या हिरव्या रंगावरून मोजायचं काम जयाकडं आलं.

दर पंधरवड्याला विमलताई तिला होडीतून खाडीत न्यायच्या. विमलताई गावातल्या बायकांच्या गटाच्या पुढारी. गट पाण्यात बांबू रोवून, दोर टांगून शिंपल्या वाढवायचा. होडी वल्हवता वल्हवता त्यांचा एकच प्रश्न असायचा, "काय गो जया, पाण्यात जीव आहे का?" त्या वर्षीचं बियाणं, म्हणजे शिंपल्यांची बारीक पिल्लं, इथंच सोडायचं की पलीकडच्या खाडीत न्यायचं, हे श्रावणातल्या मोजणीवर ठरणार होतं.

मोजणी तशी सोपी. पाणी गाळायचं, गाळणीच्या कागदावरचा हिरवा रंग ॲसिटोनमध्ये उतरवायचा, यंत्रात आकडा घ्यायचा. मग नळीत दोन थेंब आम्ल टाकून, थोडं थांबून, पुन्हा आकडा घ्यायचा. जिवंत हिरव्याचा आकडा आम्लानं झपकन खाली येतो, मेलेल्याचा जागचा हलत नाही. पावसाळ्यात खाडीत कुजका पाला काय कमी असतो? दुसरा आकडा घेतला नाही, तर जिवंत आणि मेलेलं एकाच मापानं मोजलं जातं.

श्रावणातल्या मोजणीच्या दिवशी जयाच्या पुढ्यात छत्तीस नळ्या होत्या आणि डोक्यात तीज होती. तिच्या बंजारा तांड्यात कुमारिका टोपलीत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि गोकुळाष्टमी झाली की ती रोपं, म्हणजे तीज, शिरवतात, पाण्यात सोडतात. लग्न झालं की पेरायचा हक्क संपला. जयाचं लग्न माघात ठरलेलं, म्हणजे ही तिची शेवटची तीज. तिची टोपली धाकटी पायल सांभाळत होती आणि याडीचा, म्हणजे आईचा, सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता, "निघाली का न्हाई तू?" गाडी चारची. तीन वाजले तेव्हा पहिले आकडे झाले होते.

मग तिनं जे केलं ते शहाण्या माणसानं करू नये. तेल सांडायच्या आधीच्या वर्षीचं रजिस्टर काढलं, तेव्हा जिवंताचं प्रमाण काय होतं ते पाहिलं आणि दुसरा रकाना त्याच हिशेबानं भरून टाकला. वीस मिनिटांत छत्तीस आकडे. नळ्या धुतल्या आणि स्टेशन गाठलं. वाटेत होडीच्या धक्क्यावर विमलताई भेटल्या, त्यांना ओरडून सांगितलं, "आहे ताई, जीव आहे!"

तांड्यात टोपली पाहून ती हरखली. हातभर उंच तीज! पण पायलनं टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली होती. रोपं उंच खरी, पण फिक्कट पिवळी, बोट लावलं की लोळणारी. याडी भुरीबाई धाकटीवर करवादली, "उजेडात काहून नाही ठेवली व? नुसती लांबच लांब झाली, जीव कुठं हाय तिच्यात?" जयाला आम्ल न टाकताच धुतलेल्या छत्तीस नळ्या आठवल्या.

परतल्यावर तिनं शीतपेटीत राखून ठेवलेला, त्याच पाण्याचा एक जादा गाळणीकागद काढला, रंग उतरवला आणि दोन थेंब आम्ल टाकलं. आकडा जेमतेम हलला. म्हणजे खाडीतलं बहुतेक हिरवं मेलेलंच होतं. अहवाल गेला होता, प्रयोगशाळेतल्या सरांचं कौतुक झालं होतं, पण बियाणं अजून सुटलं नव्हतं! मधे चांगला महिना होता. पोळा झाला की सांगू म्हणाली, मग गणपती उठले की सांगू म्हणाली. एका वाक्याचं काम, पण तेवढं तिच्या तोंडून निघालं नाही. बियाणं तिथंच सुटलं आणि दिवाळीत विमलताईंचा फोन आला, "जया, शिंपल्या सगळ्या उघड्या पडल्या गो. आत काहीच नाही." त्यावर ती म्हणाली, "होतं असं कधी कधी."

विमलताई मनानं मोठ्या. दर श्रावणात फोन करून विचारायच्या, "तुमच्या तांड्यात तीज उगवली का?" आणि दरवर्षी जयाचा घास कडू व्हायचा. यंदा ती माहेरी आली होती. तांड्याच्या नायकाच्या अंगणात पोरी टोपल्यांभोवती गात होत्या, आणि फोन वाजला. जयानं अंगणाबाहेर येऊन सगळं सांगितलं. "ताई, मी आम्ल टाकलंच नव्हतं. आकडे मनानं लिहिले. मले माफ करा."

मग विमलताई म्हणाल्या, "आम्ही सुगंधाला बोल लावला गो."

सुगंधा म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. बियाण्याचे दोर तिनं बांधले होते. बाईच्या पाळीत बियाण्याला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. शिंपल्या मेल्या तसा गटानं सुगंधावर ठपका ठेवला, की पाळी लपवून हिनं दोर बांधले. पहिला शब्द विमलताईंचाच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. सहा वर्षं सुगंधा खाडीवर पाऊल ठेवत नव्हती, जावेच्या उंबऱ्यात येत नव्हती.

"थांब. फोन ठेवू नको," विमलताई म्हणाल्या. जयाला पावलं ऐकू आली, एक कुत्रं भुंकलं, दाराची कडी वाजली. विमलताई रडत रडत काहीबाही सांगत होत्या. मग फोन दुसऱ्या हातात गेला.

"सुगंधाताई," जया म्हणाली, "चूक माही होती. तुमची नव्हती."

"माझी नव्हती ते मला ठाऊकच होतं," सुगंधा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मी तेव्हा सगळ्यांपुढं शपथ घेतली, की माझी पाळी नव्हती. माझा शब्द कुणी धरला नाही. तुझा आकडा मात्र सगळ्यांनी धरला."